उलटी अक्षरं

“तुमी मागं बसा. चित्रं तिकडनं बी दिसत्यात.”

पाटील हसत म्हणाले. पुण्याच्या कॉलेजातली मुलं पटकीच्या साथीची माहिती सांगायला आमच्या अंथुर्ण्यात आली होती. चावडीपुढं दोन वाशांना ओलं धोतर ताणून बांधलं होतं. त्यावर कंदिलाच्या उजेडानं काचेवरची चित्रं पडायची. गाव पुढं बसलं. आम्ही महारवाड्यातली माणसं धोतराच्या मागं, उकिरड्याच्या कडेला.

सांगणाऱ्याचं तोंड गावाकडं. आमच्यापर्यंत यायचा तो तुटका आवाज.

“आगं बया, ह्यो बाबा डाव्या हातानं जेवतोय!” राही आत्या ओरडली. आम्ही सगळे हसलो. मीही.

मग अक्षरं आली. सगळी उलटी. वस्तीत वाचता येणारा मी एकटाच. सवयीनं डावीकडून लावत गेलो. नका. देऊ. पाणी. पुढचं लागेपर्यंत चित्र बदललं.

घरी माझी बायको सगुणा सकाळपासून पटकीनं पडली होती. म्हणून मी उठून उभा राहिलो.

“दादा, ते पाण्याचं पुन्यांदा दावा की.”

मुलगा घुटमळला. त्यानं पाटलांकडं पाहिलं.

“वाचून काय मामलेदार व्हायचंय व्हय रं? बस खाली.”

गाव खदखदून हसलं. मुलानं पुढचं चित्र लावलं. आणि मी खाली बसलो. ते बसणं अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही.

“अवं, घोटभर तरी द्या,” त्या रात्री घरी सगुणा म्हणत होती. मडकं तिच्या हाताशी होतं. मी ते लांब सरकवलं.

“न्हाय सगुणे. पाणी देऊ नका म्हणून लिवलंय. म्या सोता वाचलंय.”

तिनं हात मागं घेतला. माझ्या वाचण्याचा तिला फार अभिमान होता. उजाडायच्या आत ती गेली. ओठ भेगाळलेले. कोरडे.

पुढं तीच मुलं सांगवीला आल्याचं कळलं. मी गेलो. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. धुतलेला सदरा घालून पुढं बसलो. चित्रातला माणूस उजव्या हातानं जेवत होता. मग ती ओळ आली. मागून मला तिचे शेवटचे तीनच शब्द लागले होते.

‘आजाऱ्यास न उकळलेले पाणी देऊ नका.’

“उकळून गार केलेलं पाणी मात्र थोडं थोडं देत राहा,” तो मुलगा सांगत होता. “पाण्यावाचून माणूस दगावतो.”

माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला. शेजारचा वळला.

“कुनाचा रं तू? कुठला?”

मी खरं सांगितलं. माणसं झटक्यात बाजूला सरकली.

“ऊठ. मागं हो.”

“न्हाय उठत. मागनं बघितलं म्हणून बायकू गेली माझी.”

काठी पाठीवर बसली. उठलो नाही. राहिलेली चित्रं मी पुढूनच पाहिली.

सगुणा पटकीनं गेली, असं वस्ती म्हणते. मला ते म्हणवत नाही. मडकं माझ्या हातानं सरकलं. पण ओळ मला उलटी कुणी दाखवली, हेही मी विसरलेलो नाही. शिकलेली माणसं अजून गावोगाव येतात. आमच्या लोकांना अजून मागं बसवतात. मी आता आधी जाऊन पुढं बसतो. वस्तीला घेऊन बसतो. त्यातल्या एकालाही उठवलं, तर तो पडदा मी फाडणार.

मग गावालाही काही दिसणार नाही.