शेजाऱ्याची घोडी

बाबा नागपूरहून परदेशात, एनिस गावी माझ्याकडे राहायला आले, पण दिवसभर असायचे शेजारच्या म्हाताऱ्याकडे. तो तरुणपणी काउबॉय सिनेमांत नायकाऐवजी धावत्या घोड्यावरून पडायचा. माझ्याशी कामापुरतं बोलणारे बाबा त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत तासन्‌तास गप्पा मारायचे आणि मी खिडकीतून बघत जळायचो.

एका रविवारी त्याने बाबांना आपल्या घोडीवर बसवलं.

"बाबा, पडाल," मी म्हणालो.

"पडायचं कसं ते शिकवलंय यानं. आधी रिकिबीतून पाय सोडवायचे, मग अंग सैल सोडायचं."

म्हातारा लगाम धरून घोडी चालवू लागला. मला राहवेना. मी पुढे होऊन लगाम मागितला. "ग्रँड, घे," म्हणत त्याने तो लगेच दिला. बाबांनी मात्र सगळी फेरी मागे वळून त्याच्याकडेच बघत पूर्ण केली.