पिंगळी आली की सुरू होणारा मायक्रोवेव्ह

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. असे अनुभव मी वाचतो ते रेल्वेत वेळ जावा म्हणून, आणि लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना मनातल्या मनात वेड्यात काढतो. आज तुम्ही मला काढा, माझी काही हरकत नाही.

आमचं घर बौद्ध. भूत, भानामती, अंगारे-धुपारे आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत, आणि ते येऊ न देणारी होती माझी मोठी बहीण — अक्का. आई-वडील लवकर गेले. अक्कानं सोनपेठजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवून मला शिकवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. लहानपणी मला ताप आला तेव्हा शेजारीण दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आली होती. अक्कानं त्या मिरच्या तिच्या हातातून घेतल्या आणि सरळ वरणाच्या फोडणीत टाकल्या. "माणूस गेलं की गेलं. मागं काय राहत न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की ती हे ऐकवून उठून जायची.

माझं लग्न झाल्यावर अक्का आमच्याकडे परभणीला राहायला आली. मी नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये आहे, रोजचं पॅसेंजरनं अप-डाऊन. संध्याकाळी येताना पूर्णा, मिरखेल, पिंगळी आणि मग परभणी. पिंगळी आली की घरी फोन करायचा, हा अक्कानं घालून दिलेला नियम. फोन ठेवला की ती माझं ताट मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बटण दाबायची. आता पिंगळीहून परभणी, पुढं स्टेशनवरून गाडी काढून वसमत रस्त्यावरचं आमचं घर... तोवर ते ताट गरम होऊन परत कोमट झालेलं असायचं. पण हे अक्काला सांगणार कोण? लग्नानंतरची सगळी वर्षं मी कोमटच जेवलो.

चष्मा लावूनही तिला बटणांवरची बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून माझ्या बायकोनं, सुषमानं, स्टार्टच्या बटणावर आपली एक लाल टिकली चिकटवली होती. एकदा दाबलं की अर्धा मिनिट. अक्का चारदा दाबायची, चार बीप, दोन मिनिटं. पुढं ते बटण आडमुठेपणा करू लागलं.

"राजू, टिकली दाबायलेय तर दबायलीच न्हाई बघ," अक्का म्हणायची.

"रविवारी बघतो गं," मी म्हणायचो. घरातला मिक्सर, पंखा, इस्त्री मीच उघडतो, मेकॅनिकला हात लावू देत नाही. म्हणूनच बहुतेक गोष्टी रविवारची वाट पाहत पडून असतात.

दिवाळीच्या आधी अक्का झोपेतच गेली. जलदानविधी झाला, पाहुणे गेले, मी परत गाडीला लागलो. मग एक दिवस सुषमा म्हणाली, "अहो, ते मायक्रोवेव्ह आपोआप चालू व्हायलंय."

मी हसलो. बटणांच्या पातळ पॅनेलमध्ये ओल गेली की आत शॉर्ट होतं, बटण न दाबताच दाबल्यासारखं होतं. साधा फॉल्ट. मी तिला लेक्चर दिलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"मग ते चारच बीप का देतंय? आन् तुमचा फोन यायच्या टायमालाच का?"

त्यानंतरचे दोन-तीन रविवार मी त्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो. काही नाही. सुषमा भाजी निवडत म्हणाली, "आज तुमी घरीच हाव. आज पिंगळी कुठून येणार?"

हे मात्र मला झोंबलं. एकदा मिरखेलच्या पुढं गाडी सिग्नलला लय वेळ उभी राहिली, माझा मोबाईल बंद पडलेला. घरी पोचलो तर ताट वाढून तयार. सुषमाला विचारलं, तुला कसं कळलं? तिनं नुसती मायक्रोवेव्हकडे मान केली. मी म्हटलं, योगायोग.

शेवटी मीच एक प्रयोग ठरवला. पिंगळीच्या आधी व्हिडिओ कॉल लावला आणि तिला मोबाईल मायक्रोवेव्हसमोर धरायला सांगितलं. स्क्रीनवर काळं दार, त्यात सुषमाची सावली. मशीनपासून चार हात लांब उभी राहा म्हटलं, ती राहिली. गाडी हळू झाली. खिडकीतून पिंगळीची पिवळी पाटी आली आणि फोनमधून बीप ऐकू आला... एक, दोन, तीन, चार. आतला दिवा लागला. ताटली फिरू लागली. शेजारचा प्रवासी म्हणाला, "काय झालं, तब्येत बरी हाय ना?"

त्या रात्री मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. मी, अक्कानं शिकवलेला माणूस, स्वयंपाकघरात भूत मानायला लागलो? मी सुषमाला म्हणालो, रिकामा चालला तर आतला मॅग्नेट्रॉन जाईल, एखाद्या दिवशी जाळ होईल.

"मी त्यात पाण्याचा गिलास ठेवायलेय की रोज," ती म्हणाली. "असू द्या. कशाला खामखा उघडायलाव त्याला? अक्का असतील तर असू द्या."

"अक्कानंच सांगितलंय, मागं काही राहत नाही."

"ते त्यांनी जित्या असताना सांगितलं."

मी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी प्लग काढला, कव्हर उघडलं, आतला कपॅसिटर नीट डिस्चार्ज केला (प्लग काढल्यावरही त्यात जीव घेण्याइतका चार्ज राहतो, ज्याला माहीत नाही त्यानं मुळीच हात लावू नये). जुनं पॅनेल काढलं, मागवलेलं नवं बसवलं. जुन्या पॅनेलमध्ये ओल नव्हती, गंज नव्हता. मीटर लावून प्रत्येक बटण तपासलं. टिकलीखालचं बटण जरा दबलेलं होतं, जोर लावल्याशिवाय लागत नव्हतं. म्हणजे ते स्वतःहून लागणं तर सोडाच, दाबूनही नीट लागत नव्हतं... मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

सोमवारी पिंगळीला व्हिडिओ कॉल लावला. काळं दार, सुषमाची सावली. गाडी थांबली, सुटली. सुषमा कॅमेरा धरूनच होती, मी ठेव म्हणेपर्यंत.

आठवडाभर तेच. मग मी नवं पॅनेल काढलं आणि जुनं, टिकलीसकट, होतं तसं परत जोडलं. तेच पॅनेल, तोच स्क्रू, तेच मशीन. पण नाही. आज इतके महिने झाले, पिंगळी येते आणि जाते, आमच्या घरात काही वाजत नाही.

कॉलेजात फिजिक्सच्या दोन प्राध्यापकांना विचारलं. एक म्हणाले, व्होल्टेज. दुसरे म्हणाले, डोकं शांत ठेवा. फार वाईट वाटतं एवढंच खरं. जे काय होतं ते रोज संध्याकाळी माझी गाडी येईपर्यंत जागं असायचं, आणि मी पकड-पान्हा घेऊन ते घालवलं.

ते बटण अजून तसंच आहे. सुषमा अंगठ्यानं जोर लावून दाबते. मला दुरुस्त करायला सांगत नाही, मीही करत नाही. आता मी घरी आल्यावरच ती ताट गरम करते, त्यामुळं जेवण चांगलं वाफाळतं मिळतं. मी ताटात हात घालत नाही, ते कोमट होईपर्यंत बसून राहतो.

आयुष्यभर अक्काचा शब्द मोडला नाही. 'मागं काय राहत न्हाई', हा एक मोडायला हवा होता.