आत्याचा उजवा पाय आणि पंधरा कुप्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. माझ्या आत्याचे. आईवडिलांनी मला दहावीपर्यंत कळवण तालुक्यातल्या आमच्या गावी वाढवलं, त्यांचाही मी आभारी आहे. पण आमच्या घरातलं कोणी त्याआधी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी जावं असं फक्त आत्याला वाटलं. नवरा गेल्यापासून ती देवळाली कॅम्पात एका टेलरच्या दुकानात लष्करी गणवेश शिवत होती. तिने माझी पत्र्याची पेटी एसटीत चढवली, माझ्या शेजारी बसली आणि नाशिक येईपर्यंत फक्त एक वाक्य बोलली: "खिडकीतून हात बाहेर काढू नको."

तिच्या एका खोलीत मी सात वर्षं राहिलो. बारावीनंतर मला फिजिक्स हवं होतं, पण त्याच्या जागा भरल्या होत्या. मायक्रोबायॉलॉजीच्या शिल्लक होत्या. आत्याने विचारलं, "त्याच्यात काय शिकवत्यात?"

"डोळ्यांना न दिसणारे जीव."

"मग शिकलास का नाय ते मला कळायचं कसं?"

मी एम.एस्सी. झालो आणि नाशिकजवळच्या एका डेअरीत, दह्याच्या विभागात, तपासणीच्या कामाला लागलो. अजून तिथेच आहे.

डेअरीत फेज हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. विरजणातल्या जिवाणूंमुळे दही लागतं, आणि त्या जिवाणूंनाच मारणारे काही विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. माणसाला ते काही करत नाहीत. पण दह्याच्या टाकीत शिरले तर विरजण मरतं, आणि सकाळी टाकीत दहीही नसतं आणि दूधही नसतं. ते शिरू नयेत हे पाहणं हे माझं काम. टाकी, बादल्या, चिमटे, सगळं आधी धुवायचं, मग क्लोरीनच्या पाण्यातून काढायचं. त्यानंतर साधं पाणी मारायचं नाही, कारण साध्या पाण्यातून फेज परत येऊ शकतात. हा नियम भिंतीवर लावलेला आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

आत्याच्या पायात मशीनची तुटलेली सुई गेली. तिला मधुमेह आहे, तळव्याला फारसं कळत नाही. सुई गेल्याचं तिला मशीनच्या पायडलवर रक्त दिसलं तेव्हा समजलं. ती सुई तिने स्वतः काढली, वर हळद भरली आणि उरलेल्या चार पँटी पूर्ण केल्या. जखम आधी भरल्यासारखी दिसली, मग फुटली. पुढचे काही महिने आम्ही गोळ्या, इंजेक्शनं आणि दवाखाने बदलत होतो. शेवटी नाशिकमधल्या एका सर्जन बाईंकडे गेलो. त्यांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. अहवालात औषधांची लांब यादी होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आर' लिहिलेलं होतं, म्हणजे या जंतूवर ते चालत नाही. चालण्यासारखं एकच औषध उरलं होतं आणि ते आत्याच्या मूत्रपिंडाला झेपणारं नव्हतं.

"जंतू हाडाजवळ पोचलाय," डॉक्टर म्हणाल्या. "अजून तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर गुडघ्याखाली कापावा लागेल. उशीर केला तर गुडघ्यावर."

आत्याने विचारलं, "कोणता पाय?"

"ज्याला जखम आहे तो. उजवा."

"उजव्याने मी पायडल मारते."

मी म्हणालो की मशीनला मोटर बसवता येते. टेलरिंगच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळा बाजार मास्टर आणि मी चाचा म्हणतो, तेही बरोबर होते. त्यांनी मान हलवली. आत्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मोटरीला कॉलरचं टोक कळतंय व्हय? कुठं थांबायचं ते पायाला कळतं. आणि मास्टर, तुम्ही कशाला मान हलवता? तुमच्या मोटरीच्या मशीनवर शिवलेलं सगळं मीच उसवते ना?"

"वो बात भी है," चाचा म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "तुम्ही मायक्रोबायॉलॉजीवाले ना? मग फेज माहीत असतील."

"मारायचे कसे ते माहीत आहे."

"आता जगवायचे कसे ते शिका," त्या म्हणाल्या. दुसऱ्या शहरातली एक प्रयोगशाळा ज्यांच्यावर कोणतंही औषध चालत नाही अशा जंतूंसाठी फेज शोधून देते, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे हा रूढ उपचार नाही. गुण येईलच असं नाही. दवाखान्याच्या समितीची परवानगी आणि आत्याची लेखी संमती लागेल. मला ते ऐकताना एकच गोष्ट कळत होती. ज्यांना मी आठ वर्षं क्लोरीनने मारतोय, त्यांनाच आता आत्याच्या पायात सोडायचं होतं.

आत्याच्या जखमेतला जंतू तिकडे पाठवला. चार दिवसांनी फोन आला की त्यांच्या संग्रहातला एकही फेज त्याला लागू पडत नाही. प्रत्येक फेजचा जंतू ठरलेला असतो. दुसऱ्याकडे तो ढुंकून पाहत नाही. जिथे जंतू असतो तिथेच त्याचा फेजही सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून रुग्ण राहते त्या भागातल्या सांडपाण्याचे नमुने पाठवा, असं त्यांनी सांगितलं.

मी बाजारामागच्या नाल्यावर गेलो. सोबत चाचा आले. त्यांनी माझा शर्ट मागून धरला होता, मी आत पडू नये म्हणून.

"क्या जमाना है," ते म्हणाले. "आत्याने बारा वर्षं शिकवला, पदवी घेतली, आणि आता नाल्यातून बाटल्या भरतोय."

"सात वर्षं, चाचा."

"तुझ्या फीसाठी तिने रात्री जागून शिवलेले गणवेश मी धरून सांगतोय."

रस्त्याने जाणारा एक जवान थांबला आणि विचारलं की काय हरवलंय. चाचा म्हणाले, "दवा." तो पुढे गेला.

आम्ही पाठवलेल्या पाचपैकी एका बाटलीत आत्याच्या जंतूचा फेज सापडला. प्रयोगशाळेने तो वाढवला, गाळला, शुद्ध केला, तपासला, आणि पंधरा कुप्या थंड डब्यातून नाशिकला आल्या. यात दोन आठवडे गेले होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची मुदत तेवढीच पुढे ढकलली आणि ती याहून पुढे जाणार नाही असं बजावलं. कुप्यांसोबत आलेल्या अहवालात असंही लिहिलं होतं की फेजने जंतू वाकला तर यादीतलं एखादं औषध पुन्हा चालू शकतं.

औषध कुठून आलं हे आत्याला सांगावं की नाही, यावर मी एक दिवस विचार केला. ती रोज अंघोळीशिवाय चुलीला शिवत नाही. शेवटी संमतीच्या कागदावर तिची सही हवी होती, म्हणून सांगितलं.

"कुठल्या नाल्याचं?"

"आपल्या बाजारामागच्या."

तिने थोडा विचार केला. "मग ठीक हाय. ओळखीचा हाय." आणि तिने सही केली, एकेक अक्षर उभं करत.

रोज एक कुपी, असे पंधरा दिवस. दवाखान्यात कुपीशिवाय एकदा ड्रेसिंग करून दाखवलं आणि कुप्यांची सगळी घरी करायला मी शिकलो. जखम फक्त सलाईनने धुवायची, कुठलंही जंतुनाशक लावायचं नाही, कुपीतलं औषध वाटीत काढून त्यात गॉज भिजवायचा आणि जखमेत भरायचा. सूचनांचा कागद मी फ्रिजच्या दारावर लावला. त्यातली एकही ओळ मी मोडली नाही.

वाटी आणि चिमटा कसे स्वच्छ करायचे याबद्दल कागदावर काही नव्हतं. त्याची मला गरजही वाटली नाही. ते माझंच काम होतं. मी डेअरीतून क्लोरीनची छोटी बाटली आणली होती. वाटी धुतली, क्लोरीनच्या पाण्यात बुडवली, निथळली, आणि साधं पाणी मारलं नाही. टाकीला वापरतो त्याच्या दुप्पट कडक पाणी केलं होतं, कारण टाकी नव्हती, आत्या होती. मग त्या ओल्या वाटीत कुपी ओतली आणि गॉज दहा मिनिटं तसाच भिजू दिला.

"तुझा हात लय हलका हाय," आत्या म्हणाली. "शाळेत शिकवलं का हे?"

"नोकरीत."

"बरं झालं शिकलास."

पाच दिवस हे चाललं. पाय तसाच होता. वास तसाच होता. आत्या म्हणायची की आतून बरं वाटतंय, पण तळव्याला तिला सुई कळली नव्हती, तेव्हा या म्हणण्यावर मी फार विसंबलो नाही.

सहाव्या दिवशी सकाळी डेअरीत महिन्याच्या नोंदी सहीसाठी आल्या. फेज नियंत्रण या रकान्यात नेहमीप्रमाणे लिहिलेलं होतं: क्लोरीनचं पाणी, नंतर धुवायचं नाही. मी सही केली. पुढच्या पानावरही केली. तिसऱ्या पानावर पेन उचलायचं राहिलं आणि कागदावर शाई पसरली.

मी शेडच्या मागे जाऊन डॉक्टरांना फोन केला आणि सगळं क्रमाने सांगितलं.

"किती दिवस?"

"पाच."

"सगळे मेले असतील का?"

"मी ज्या पद्धतीने करतो त्यात वाचत नाहीत."

"उरल्यात किती?"

"दहा."

"नव्या कुप्या मागवल्या तर त्या येऊन वापरून होईपर्यंत तीन आठवड्यांच्या वर जातील. तेवढे आपल्याकडे नाहीत. दहावर बघू. वाटी उकळा, थंड होऊ द्या, दुसरं काही करू नका. आणि दहा दिवस कामावर जाऊ नका."

"रजा कशासाठी?"

"तुमच्या हातांसाठी," त्या म्हणाल्या. "त्यांना तिथली सवय आहे."

मी रजा घेतली. अर्जात कारण लिहिलं: आत्याचा पाय. वरिष्ठांनी ते मान्य केलं. आत्याला मी सांगितलं की डॉक्टरांनी वाटी उकळायला सांगितली आहे. ती म्हणाली की हे आधीच करायला हवं होतं, तिची आई सुईणकाम करायची आणि सगळं उकळून घ्यायची.

नवव्या दिवशी वास कमी झाला. अकराव्या दिवशी जखमेची कड लाल दिसली, काळी नव्हे. पुन्हा तपासायला पाठवलेल्या अहवालात एका औषधापुढे 'एस' आला, म्हणजे ते आता चालेल, आणि ते मूत्रपिंडाला जड नव्हतं. ते सुरू झालं. पंधराव्या दिवशी कुप्या संपल्या. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडाला धरलं आणि सांगितलं की टाच राहील, पाय राहील, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागेल, तिथलं हाड गेलं आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ते पाच दिवस मिळाले असते तर बोटं वाचली असती का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत होणार नाही, आणि तुम्हालाही होणार नाही."

मी याहून सोप्या उत्तराची अपेक्षा केली होती, कोणत्याही बाजूच्या.

शस्त्रक्रिया झाली. आत्या शुद्धीवर आली तेव्हा चाचा डबा घेऊन आले होते. तिने पांघरुणातून पाय हलवून पाहिला आणि विचारलं, "पायडलला किती बोटं लागत्यात, मास्टर?"

"तीन चलेंगी."

"मग शिल्लक हाय."

टाके सुकल्यावर डॉक्टरांनी तिला महिनाभर उभं राहायचं नाही असं सांगितलं. कॅम्पातल्या खोलीत ती बसून राहिली नसती, मशीन समोर होती. म्हणून मी तिला गावी, माझ्या आईवडिलांकडे पोचवलं. तिथे तिला बघायला लोक येत. ती प्रत्येकाला सांगायची की भाच्याच्या शिक्षणाने पाय वाचवला. माझे वडील, आमचे दादा, तेच पुढे सांगायचे. पारावर शाळेच्या एका मास्तरांनी माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला. दुपारच्या एसटीने परत आलो.

फोनवर आत्याला नीट ऐकू येत नाही, आणि तिच्याभोवती नेहमी कोणीतरी असतं. ती चौथी शिकलेली आहे आणि बोट ठेवून वाचते. म्हणून मी तिला पत्र लिहिलं. ते असं होतं.

आत्या,

हे पत्र तू एकटी असताना वाच. दादांना वाचायला देऊ नको.

कुप्या पंधरा होत्या. त्यातल्या पहिल्या पाच मी वाया घालवल्या. वाटी मी डेअरीतल्या क्लोरीनच्या पाण्यातून काढत होतो आणि त्या पाण्याने औषध वाटीतच मरत होतं. पाच दिवस तुझ्या पायात मेलेलं औषध भरलं. तू माझा हात हलका आहे म्हणालीस तेव्हाही तेच चाललं होतं. वाटी उकळायची हे डॉक्टरांनी आपण होऊन सांगितलं नव्हतं, मी चूक कबूल केल्यावर सांगितलं.

तुझी दोन बोटं त्यामुळे गेली का, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. गेली असतील असं मला वाटतं. शिक्षणाने पाय वाचवला असं तू लोकांना सांगतेस. ते सांगणं बंद कर असं मी म्हणत नाही, पण खरं काय ते तुला माहीत असावं. ही चूक न शिकलेल्या माणसाने केली नसती. आजी सगळं उकळून घ्यायची, तेवढं पुरलं असतं.

येत्या गुरुवारी डॉक्टरांना पाय दाखवायचा आहे. मी बुधवारी न्यायला येतो. तू माझ्याबरोबर यायला तयार नसशील तर दादांबरोबर ये, मी स्टँडवर थांबेन. तुझं ड्रेसिंग पुढे मी करायचं की नर्सबाईंनी, ते तू ठरव.

उत्तर कोणाकडून लिहून घेऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल, तू स्वतः लिही.

तुझा भाचा