रावीच्या अलीकडे

चिंचवड गावठाणात कोंडाजीला सगळे 'काश्मीरवाला' म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती, थोडा हेवा होता. गावातली बहुतेक माणसं फार तर जेजुरीपर्यंत गेलेली. आणि हा लग्नकार्यातला आचारी दर उन्हाळ्यात पातेली-झारे पोत्यांत बांधून थेट हिमालयात जायचा. पुण्याचे लक्ष्मणराव चाळीसेक माणसं जमवून काश्मीरच्या सहली काढत, त्यांत वकील, मास्तर, कापडवाले असत. एका लग्नात त्यांनी कोंडाजीच्या हातची आमटी खाल्ली आणि सहलीला आचारी म्हणून येतोस का, असं मांडवातच त्याला विचारलं. १९५१ साली तो पहिल्यांदा गेला, आणि मग दर साल जात राहिला.

खरं सांगायचं तर काश्मीर त्यानं चुलीमागूनच पाहिलं. प्रवासी शिकाऱ्यात बसून तलावावर फिरायचे तेव्हा हा परातभर कणीक मळत असायचा. श्रीनगर म्हणजे त्याच्या लेखी धुरकट लाकडं, पहलगाम म्हणजे बोटं बधिर करणाऱ्या पाण्यात भांडी घासणं, आणि गुलमर्ग म्हणजे काही केल्या न शिजणारी डाळ. एवढ्या उंचावर पाणी उकळतं पण डाळ मऊ होत नाही, हे कळायला त्याला लक्ष्मणरावांच्या शिव्या खाव्या लागल्या होत्या.

ह्या सगळ्याची गोडी त्याला लागली ती बायकोमुळं. शालनबाईला दोन मुलं झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली. त्यानंतर ती कामापुरतं बोलायची. पण कोंडाजी परत आला, की संध्याकाळी उंबऱ्यात बसून त्याला बोलतं करायची.

"तिथल्या बाया पाणी कुठनं आणत्यात?"

"न्हाई बा बघितलं."

"मग बर्फ पडल्यावर जनावरं काय खात्यात?"

तेही त्याला सांगता आलं नाही. आपण जाऊन आलो आणि हिला सांगायला आपल्याजवळ काही नाही, ह्याची त्याला शरम वाटली. पुढच्या खेपेला तो डोळे उघडे ठेवून गेला. बटोतच्या उतारावरची मक्याची टप्प्याटप्प्यांची शेतं, पांपूरला केशराची उघडी पडलेली वावरं, झेलमच्या पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बाया, सोनमर्गच्या वाटेवर म्हशी हाकत वर चाललेले गुजर गुराखी, असं एकेक तो तिच्यासाठी पाहून येऊ लागला. शालनबाईला गावांची नावं ओळीनं पाठ झाली. कूद, बटोत, रामबन, बनिहाल. दळताना ती हीच नावं पुटपुटायची.

१९५५ च्या वैशाखात निघायला पाच दिवस उरले असताना पोळ्या लाटणारा बबन तापानं पडला. कोंडाजीनं धीर करून लक्ष्मणरावांना विचारलं, "आमच्या घरातलीला घेऊ का? दोन माणसांचं काम एकटी करंल."

लक्ष्मणराव अडचणीत होतेच. हो म्हणाले. त्या काळी काश्मीरात शिरायला सरकारी परवाना लागे. प्रवाशांचे परवाने कधीच आले होते. नोकरांच्या यादीत मात्र बबनचंच नाव राहिलं. कोंडाजीनं आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, "बघू रे तिथं. बाईमाणसाला कोण अडवतंय!"

आगगाडीत शालनबाई खिडकी सोडेना. नर्मदा आली तेव्हा तिनं हात जोडले. दिल्लीच्या पुढं गव्हाची कापून पडलेली शेतं बघून म्हणाली, "केवढी सपाट जमीन हाय ही! डोंगर कुठं ठेवलाय ह्यांनी?" कोंडाजी हसला. कित्येक वर्षांत ती असं बोलली नव्हती. पठाणकोटला पहाटे उतरले तर समोर लांबवर पांढरी रेघ दिसत होती. तिनं विचारलं, "ढग हाय का?" तो म्हणाला, "बर्फ हाय." ती कितीतरी वेळ डोक्यावरचा पदर धरून तशीच उभी राहिली.

तिथून दोन मोठ्या प्रवासी मोटारींनी निघाले आणि रावी नदीच्या पुलाशी मोटारी थांबल्या. शिपायानं यादी वाचायला घेतली. बबनचं नाव आलं तेव्हा कुणी बोललं नाही. मग त्यानं शालनबाईकडं बोट केलं.

लक्ष्मणरावांनी हात जोडले, अर्ध्या हिंदीत खूप समजावलं. अंमलदार उद्धट नव्हता. परवान्यासाठी अर्ज करा, यायला पंधरा दिवस लागतील, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ऊन चढलं. मोटारीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, मुक्कामाला पोचायचं आहे ना आज?"

लक्ष्मणरावांनी कोंडाजीला बाजूला घेतलं. "तू थांबलास तर चाळीस माणसं उपाशी मरतील. पठाणकोटच्या धर्मशाळेत वहिनींची सोय करतो. माझा मुनीम पोचवून येईल. अठरा दिवसांचा तर प्रश्न."

कोंडाजीनं बायकोकडं पाहिलं. ती मोटारीतून खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात कपड्यांचं गाठोडं. त्याला वाटलं, ही रडेल, नाहीतर चिडेल. मग आपल्याला थांबता येईल.

"जावा तुमी," ती म्हणाली.

आणि तो गेला. पूल ओलांडताना त्यानं मागं वळून पाहिलं, पण धुळीत काही दिसलं नाही.

ती सहल त्याला कशी गेली हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं, पोळ्या करपल्या. श्रीनगरात एका सकाळी, शालननं विचारलं होतं म्हणून, पाणी भरणाऱ्या बायकांच्या मागं तो ओढ्यापर्यंत चालत गेला आणि तिथंच दगडावर बसून राहिला. तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. पोटात दुखलं तरी ती कुणाला काय सांगणार होती?

परतताना पाऊस लागला. बनिहालच्या अलीकडे दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि चार दिवस सगळे अडकून पडले. बाविसाव्या दिवशी मोटारी पठाणकोटला आल्या. कोंडाजी पोती तशीच टाकून धर्मशाळेकडं धावत सुटला.

शालनबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर डाळ निवडत बसली होती. अंगावर धर्मशाळेच्या म्हातारीनं दिलेली पांढरी ओढणी. कपाळ मोकळं, हात मोकळे. गळ्यात काही नव्हतं.

तो दारातच थबकला. तिनं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं, आणि हातातलं सूप खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

म्हातारीनं खुणांनी आणि हिंदीत जे सांगितलं त्यातून त्याला एवढं उमगलं. रोज संध्याकाळी ही मोटारतळावर जाऊन उभी राहायची. अठराव्या दिवशी सकाळपासून गेली. एकोणिसाव्या दिवशी बातमी आली, की वर घाटात एक मोटार दरीत गेली. कुठली, कुणाची, हे हिला कुणी समजावून सांगू शकलं नाही. विसाव्या दिवशी हिनं बांगड्या फोडल्या.

"शालन, अगं, मी आलोय न्हवं," कोंडाजी म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "माझं रडून झालंय. आता काय रडू?"

परतीच्या गाडीत ती आतल्या बाजूला बसली. घरी आल्यावर शेजारच्या कौशल्याबाईंनी कासार बोलावून तिला हिरव्या बांगड्या भरल्या, नवं मंगळसूत्र ओवून दिलं, नारळानं ओटी भरली. शालनबाईनं सगळं करून घेतलं.

पुढच्या चैत्रात लक्ष्मणरावांचा निरोप आला. कोंडाजीनं येत नाही म्हणून सांगितलं. पिंपरीला तेव्हा कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकाच्या कँटीनमध्ये तो लागला. सकाळी भोंग्याच्या आधी चालत जायचा, तिन्हीसांजेला परत. गावातली पोरं अजून 'काश्मीरवाला' म्हणत, पण तो ओ देईनासा झाला. घरात ती नावं कुणी काढत नव्हतं. एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडून 'बटोत' निघालं, तशी शालनबाई उठून गाईला पाणी दाखवायला गेली.

असं दीडेक वर्ष गेलं. एका संध्याकाळी तो जेवायला बसला असताना, ताटात भाकरी घालताना ती सहज विचारावं तशी म्हणाली, "म्या जावा म्हटलं. पण तुमी न्हाई जात, असं का म्हटला न्हाईत?"

कोंडाजीनं घास ताटात ठेवला. चाळीस माणसं, मुनीम, धर्मशाळा, अठरा दिवस. सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं वाटलं नाही.

"चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला.

शालनबाईनं मान हलवली. त्या हलवण्यात माफी होती का नाही, ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही. तिनं वाटीत आणखी कालवण ओतलं आणि म्हणाली, "जेवा. निवतंय."