मंजूच्या आईंची खिरापत

आमच्या कॉलनीत नवरात्रात अजून भोंडला होतो. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून झाला, की झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते मुलींनी ओळखायचं. काल मंजूच्या आईंनी डबा हलवून विचारलं, "ओळखा बघू!" मुलींनी लाडू, चिवडा, शंकरपाळे, सगळं सांगून पाहिलं. आत गुळपापडी आहे हे आम्हा बायकांना ठाऊक होतं. मंजूला आवडायची, म्हणून दरवर्षी तीच असते. मुली मात्र लहान, त्यांना गेल्या वर्षीचं कुठलं आठवायला.

लहानगी मंजू भोंडल्याच्याच एका संध्याकाळी हरवली, ती आजवर सापडली नाही. मुली घरोघर फिरत होत्या, आणि प्रत्येक घराला वाटलं, पोर पुढच्या घरी गेली असेल. इतक्या घरांची लाडकी, म्हणूनच कुणी शोधली नाही वेळेवर.

मुली हरल्या, वड्या खाऊन समोरच्या इमारतीकडे पळाल्या. मंजूच्या आई गॅलरीतून ओरडल्या, "पोचलात की हाक मारा गं!"

"पोचलो काकू!" समोरून सगळ्यांचा एकच गलका आला.

तरीही त्या रिकामा डबा धरून कठड्याशी उभ्याच होत्या, अजून एक हाक यायची राहिल्यासारख्या.