काळ्या मातीतले डिस्क ब्रेक

त्या वर्षांत वऱ्हाडात मदतीचा नुसता पूर आला होता. कोणी प्राणायाम शिकवून जाई, कोणी आनंदी कसं राहावं ते सांगून जाई. आमच्या संस्थेनं आम्हा कार्यकर्त्यांना डिस्क ब्रेकच्या सायकली दिल्या. दर्यापूरजवळच्या गावांत, ज्यांच्या नवऱ्यांनी जीव दिला होता त्या बायकांना बोलतं करायचं, हे माझं काम. ते अडलं होतं ते केवळ चांगल्या ब्रेकवाचून, असं शहरातल्या साहेबांना वाटलं असावं.

"कसाही चिखल असो, जागच्या जागी थांबते," साहेब म्हणाले होते. आमचा चिखल त्यांनी खिडकीतून पाहिला होता.

पावसाळ्यात जुन्या सायकलींचे रिमचे ब्रेक चिखलानं जाम व्हायचे, हे तसे झाले नाहीत, खोटं कशाला बोलू? पण चिखलातली बारीक रेती ब्रेकचे पॅड आणि ते जिला आवळतात त्या चाकाच्या चकतीच्या मधे शिरली आणि पॅड खात बसली. चकती अशी किंचाळायची की मी येण्याआधी कुत्री स्वागताला हजर. दिवाळीपर्यंत पॅड संपले, लोखंडावर लोखंड घासू लागलं. दर्यापुरात नवे पॅड मिळेनात. संस्थेला फोन केला, तर उत्तर आलं, "ब्रेक जरा जपून वापरा."

एका घरची बाई माझ्याशी कधीच बोलत नसे. प्रशिक्षणात शिकवलेले प्रश्न मी विचारायची, ती वाती वळत बसायची. त्या दिवशी तिच्या घराच्या उतारावर मी दोन्ही ब्रेक दाबले. दांडे सरळ मुठीला टेकले, सायकल काही थांबेना. मी थेट तिच्या उकिरड्यात.

ती धावत आली. मला उठवलं, शेणानं भरलेला माझा चेहरा पाहिला.

"बाई, या सायकलले थांबाची काई सोय नाई का?"

"आहे ना. डिस्क ब्रेक आहे."

"मंग कावून नाई दाबला?"

ती हसू लागली, इतकं की तिला खाली बसावं लागलं. हसता हसताच रडली. मग मला न्हाणीत नेलं, माझ्या डोक्यावर पाणी ओतता ओतता आपणहून नवऱ्याबद्दल बोलत राहिली. मी एकही प्रश्न विचारला नाही. तोंडात शेण होतं.

महिन्याच्या अहवालात मी लिहिलं की संवाद साधण्यात सायकलींचा फार उपयोग झाला. साहेबांनी ते वाक्य बैठकीत वाचून दाखवलं.