दोन दांडगी, चार मरतुकडी

डबा पेटला तेव्हा भावजींच्या तोंडात बांगड्याचा काटा होता, आणि तो त्यांनी आधी काढला. काढून ताटाच्या कडेला पुसला. मग वर बघितलं. चुलीवरच्या फळीवर त्यांचे दोन जुने कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्यातल्या एकातून जाळ येत होता. वर माळ्यावर सुक्या झावळ्या रचलेल्या आणि खाली माझी सून बसलेली. आणि हा माणूस विचारतो, "खयचो पेटलो?"

"डावो, काकानू, डावो!" सून किंचाळली.

मी भिंतीवरचं मोठं बटण बंद केलं. भावजींनी उष्ट्या हातांनीच तो जळता डबा खाली ओढला, पोटाशी धरला आणि मागच्या दारानं धावत जाऊन गायरीत, म्हणजे आमच्या शेणाच्या खड्ड्यात, टाकला. टाकताना स्वतःही आत पडले. बाहेर आले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, त्यावर शेण, आणि शेणाखाली बांगड्याच्या तिखल्याचा रस्सा. मला ओकारी आली. अजून आठवलं की येते.

हे माझे धाकटे दीर. जन्मभर मुंबईत एका कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. म्हातारपणी गावाला आले ते ट्रंकेऐवजी हे दोन डबे घेऊन. कचेरी बंद पडली तेव्हा भंगारातून उचललेले. लग्न झालेलं नव्हतं. पिंगुळीची एक मुलगी सांगून आली होती आणि सावंतवाडीची एक. पिंगुळीची उजळ, सावंतवाडीची सुगरण. हे म्हणाले, "दोनय बघूक होये." बघितल्या. पुन्हा बघितल्या. तोवर दोघी आपापल्या घरी नांदायला गेल्या. बाजारात गेले तरी तेच. बांगडा घ्यायचा की तारली, यावर कोळणीसमोर उभे राहायचे आणि दोन्ही मऊ पडले की रिकाम्या पिशवीनं परत यायचे. कोळणी त्यांना बघून टोपली झाकायच्या.

माणूस म्हणून स्वच्छतेशी वैर. डबा उघडायचे तर जेवणाच्या जागेवर. आतून वाळलेली पाल, झुरळांची अंडी, मुंग्यांची माती निघायची. ते सगळं फुंकून उडवायचे आणि ज्या पंच्यानं डबा पुसला त्याच पंच्यानं तोंड पुसायचे. स्क्रू ठेवायला वाटी लागते म्हणून सोलकढीची वाटी घेतली, आणि स्क्रू काढून झाल्यावर उरलेली सोलकढी प्यायले. आतल्या चिपेवर लावायचा मलम संपला तर दात घासायची पेस्ट बोटानं फासली. तेच बोट परत तोंडात घालून दात घासले. मी म्हटलं, "भावजीनू, तुमी जेवताना माझ्यासमोर बसा नकात." ते म्हणाले, "वयनी, पेस्ट दोनय कामांक चलता."

या डब्यांत असं होतं काय, ते मला त्यांनीच शिकवलं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी नावं मला नकोत, असं मी आधीच सांगितलं. मग त्यांनी सोपं केलं. "ह्या डाव्या डब्यात दोन माणसां आसत, पण दांडगी. त्या उजव्या डब्यात चार आसत, पण मरतुकडी. दोनय जुने, दोनय स्वस्तातले, दोगांची किंमत सारकीच. आता सांग, बरो खयचो?"

मी म्हटलं, "रापणीचा जाळा ओढूचा आसला तर चार माणसां होयी. नारळ पाडूचो आसलो तर दांडगो एक पुरे. चार जण एका माडार चढनत नाय."

ते उडालेच. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य देवळात स्वतःचं म्हणून सांगत होते.

पण इथे चेष्टा नव्हती. माझा मुलगा गेल्यावर सून माझ्याजवळ राहिली होती. तिचा भाऊ इन्सुलीला. दर महिन्याला येऊन म्हणायचा, "हंय काय करतलंस? चल." तिला लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची निमंत्रणं, असलं छापायचं जुळवून देता येत होतं. कुडाळचा छापखाना घरबसल्या काम द्यायला तयार होता. फक्त कॉम्प्युटर हवा होता, आणि घरात दोन होते. ती भावजींना म्हणाली, "काकानू, माका खयचोय चलात. पण एक द्या. गावलो तर मी हंयच रवतंय. नायतर दिवाळीक दादाकडे जातंय."

यावर कोणीही शहाणा माणूस एक डबा उचलून तिला देईल. यांनी परीक्षा सुरू केली. एकच पत्रिका दोन्ही डब्यांवर करायला लावायची आणि स्वतः घड्याळ घेऊन समोर बसायचं. एकटी पत्रिका उघडली की दोन दांडगी पुढे. गणपतीचं चित्र, नवरानवरीचा फोटो, अक्षरं आणि छपाई असं सगळं एकदम उघडलं की दांडगी धापा टाकायची आणि चार मरतुकडी रेटून न्यायची. दांडगी तापायचीही फार. डब्यावर हात ठेवला तर तव्यासारखा. त्यांचा पंखा घोरायचा आणि आमच्याकडची वीज जरा कमी झाली की डबा झोपायचा. मरतुकडी थंड, विजेलाही कमी. मला पहिल्या आठवड्यात कळलं कुठला द्यायचा. सुनेलाही कळलं. भावजी म्हणायचे, "आजून एक डाव बघूया."

"भावजीनू, ती पोर जाता इन्सुलीक."

"जायत कशी? निकाल लागूक नाय अजून."

मग पावसाळा आला. पडवीत सगळ्यावर बुरशी. डब्यांच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला. खारा वारा असतोच. आमच्याकडे पावसात कोरडं ठेवायचं ते चुलीवरच्या फळीवर जातं: मीठ, बियाणं, पावसाआधीच्या आगोटीला भरलेले खारे बांगडे. भावजींनी विचार केला, बांगडा जिथे सडत नाही तिथे कॉम्प्युटर कसा सडेल? दोन्ही डबे उचलून फळीवर ठेवले, कॉम्प्युटरचा पडदा खाली स्टुलावर. त्यांच्या वर माझे खारे बांगडे दोरीला टांगलेले. मी म्हटलं, "खालसून धूर, वरसून खाराचा पाणी. मरात ता." ते म्हणाले, "बांगडो मराक नाय तो?" बांगडा मेलेलाच असतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. बांगड्याचं खारं पाणी थेंब थेंब त्या डाव्या डब्यावर ठिबकत होतं. दांडगी आधीच तापलेली, खाली चूल. घरभर जो वास भरला तो सांगायची सोय नाही. गरम लोखंड, काजळी आणि कुजका मासा. सून नाकाला पदर लावून पत्रिका जुळवायची. कुणाच्या तरी शुभविवाहाच्या.

आणि त्या दुपारी डबा पेटला.

झावळ्यांना जाळ लागला असता तर घर गेलं असतं आणि सून त्याखाली होती, हे मला मान्य आहे. आयुष्यात एकदाच त्या माणसानं दुसरं काही न बघता एक वस्तू उचलली. पण लगेच पुन्हा आपल्या जुन्या वळणावर गेले. मी म्हटलं मालवणात डॉक्टरकडे चला. गेले. त्यानं सांगितलं, जखमेत शेण गेलंय, आजच दाखल व्हा. हे म्हणाले, कुडाळच्या डॉक्टरला पण विचारू. त्यानंही तेच सांगितलं. पण मलम वेगळं दिलं. मग घरी येऊन एका हाताला हे मलम आणि दुसऱ्या हाताला ते. "वयनी, बघ, उजवो बेगीन सुकता."

लवकर सोडा, सुकतच नव्हता. दोन्ही हात सुजून काळपट झाले, पू यायला लागला. पट्टी मी बदलायची. त्या वासापुढे बांगडा अत्तर होता. मी तोंडावर शिव्या दिल्या. "मेल्या, दोन हात दिल्यान देवान, ते पण ताडून बघूक?" ते हसले. सुनेनं पायाशी बसून विचारलं, "काकानू, आता तरी सांगा, बरो खयचो होतो?"

"जळलो तेचो शेवटचो निकाल बघूक गावलो नाय गो," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. हातांचं नव्हे.

ताप चढून बरळायला लागले तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत घालून गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलकडे निघालो. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते, नाक दुसरीकडे वळवून. त्यांनी डोळे उघडले, मान उचलून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "वयनी, डावी रांग बेगीन सरकता."

आम्ही उजवीत होतो. त्यानंतर ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

चार मरतुकडी अजून चालू आहेत. डबा मी स्वतः मिठाच्या फळीवरून काढून पडवीतल्या टेबलावर ठेवला, आतली काजळी जुन्या ब्रशनं काढली. तापला की थोडा बांगड्याचा वास येतो आणि शेजारची मांजर येऊन त्याला चाटते. मला किळस येते. सून तिला हाकलत नाही. ती पत्रिका जुळवते. भाऊ दिवाळीला आला, चहा पिऊन एकटाच परत गेला.

त्या दुपारी स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. सून वाचली. मी वाचले.